तळहाताएवढी जमीन

मोटारीचे टायर हा निबंधाचा विषय होऊ शकेल, असे आमच्या बहुतेक वाचकांस वाटणार नाही. आपण ज्या मुलुखात राहतो, तेथे टायरचा विचार माणूस दोनच प्रसंगी करतो. एक तो पंक्चर झाल्यावर, आणि दुसरा, घासून त्याचा गोटा झाल्यावर. उन्हाळ्याचे टायर निराळे आणि हिवाळ्याचे निराळे, असे दोन जोड घरात बाळगणारी माणसे जगात आहेत, हे ऐकून आपल्याकडे कोणालाही हसू येईल. सोवळ्याचे वस्त्र वेगळे आणि ओवळ्याचे वेगळे, हे आपणांस उपजतच समजते. परंतु गाडीलाही ऋतुमानाप्रमाणे पायताण बदलावे लागते, हे पटण्यासाठी तसा हिवाळा डोळ्यांनी पाहावा लागतो. तो आम्ही २०२४ च्या डिसेंबरात पाहिला.

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या परिचारिका आहे. जर्मन भाषेची परीक्षा देऊन ती दक्षिण जर्मनीत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आल्गॉय प्रदेशात, एका रुग्णालयात नोकरीस लागली. केम्प्टेन शहराबाहेरच्या एका खेड्यात तिचे बिऱ्हाड आहे. सकाळची पाळी सहाला सुरू होते. त्या वेळेस खेड्यातून बस नाही, आणि डिसेंबरात तेथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो. म्हणून तिने तिथला परवाना काढून, जुनी पण मजबूत अशी एक गाडी स्वस्तात घेतली होती. गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती. आम्ही बेळगावाहून निघालो तेव्हा बंधू एवढेच म्हणाले, "तिची गाडी एकदा नीट बघून ये. फोनवर ती सगळे ठीक आहे म्हणते." दूरदेशी गेलेल्या मुली फोनवर सगळे ठीक आहे असेच म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हांसही.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी आपणांस नवी नाही. २०१४ पर्यंत आपल्या देशात तयार होत असलेली अँबॅसडर त्याच जातीची. तिचे यंत्र पुढे, पण जोर मागच्या चाकांना. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि पुढची चाके ओढणारी गाडी घरोघर झाली. ह्या दोहोंतला भेद समजावयास यंत्रशास्त्र नको. देवाचा रथ आपण पुढून दोर लावून ओढतो; दोर जिकडे, रथ तिकडे. हातगाडी मात्र मागून रेटावी लागते, आणि ओल्या चढावर रेटताना तिचे तोंड कधी फिरेल, ह्याचा नेम नसतो. शिवाय पुढून ओढणाऱ्या मोटारीत यंत्राचे सारे ओझे ओढणाऱ्या चाकांवरच असते, त्यामुळे ती जमीन दाबून धरतात. मागून रेटणाऱ्या मोटारीत माणूस एकटा असला, डिकी रिकामी असली, की जोर लावणारी चाकेच हलकी पडतात. कोरड्या रस्त्यावर हा भेद जाणवत नाही. हिमावर तो पहिल्याच वळणाला जाणवतो.

ह्याचे कारण असे, की एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती केवळ चार ठिकाणी, आणि त्यांतील प्रत्येक ठिकाण सुमारे माणसाच्या तळहाताएवढे असते. पळणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या तळहाताएवढ्या जमिनीवरच्या पकडीतून व्हावयाची. ही पकड म्हणजे मोजक्या रकमेची थैली आहे. रेटण्यात ती सगळी खर्च झाली, तर वळणावर गाडीचे शेपूट रांगेत धरून ठेवण्यास काही उरत नाही. शेपूट बाजूला घसरते आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. कोरड्या डांबरावर थैली भरलेली असते. घट्ट दाबल्या गेलेल्या हिमावर ती तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, आणि काचेसारख्या बर्फावर आठव्या हिश्श्यावर. आम्ही कागदावर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यापासून कोरड्या रस्त्यावर १२-१३ मीटरांत उभी राहते. हिमावर तिला ४० मीटर लागतात, आणि बर्फावर १०० मीटरांच्या आसपास. आमच्या पुतणीच्या वाटेवर एका उतारानंतर लगेच वळण होते, आणि वळणापलीकडे ओढा.

गाडी पाहिली. टायरांची नक्षी अजून बरी होती. पुतणी म्हणाली, "काका, ह्यांवर एम अधिक एस असे लिहिलेले आहे. म्हणजे चिखल आणि बर्फ. विकणाऱ्या बाईंनी तेच दाखवून गाडी दिली."

आम्ही म्हणालो, "बाळ, ते लिहिले आहे खरे, पण लिहिले आहे बनवणाऱ्याने स्वतःच. त्यासाठी त्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्याच बाजूने आपणच दिलेली ही साक्ष झाली."

परीक्षेत उतरल्याची खूण निराळी असते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचे फूल, असे ते चित्र टायरच्या कुशीवर कोरलेले असते. हिमावर प्रत्यक्ष चालवून, ठरावीक नमुन्याच्या टायरशी तुलना करून जो टायर पुरेसा सरस ठरतो, त्यासच हे चित्र मिळते. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात, तेही आम्ही वाचले. ४११६ असे होते. म्हणजे २०१६ सालाच्या ४१ व्या आठवड्यातील माल. जर्मनीत २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या, केवळ एम अधिक एस लिहिलेल्या टायरांना हिवाळी टायर म्हणून जी सवलत होती, ती ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्या रात्रीतून रबरात काही पालट झाला नव्हता. आठ वर्षांत ते कडक मात्र पुष्कळ झाले होते, आणि कायदा त्याच्या मागोमाग उशिरा का होईना, येऊन पोहोचला होता.

खऱ्या हिवाळी टायरचे गुण दोन. पहिला रबराचा. उन्हाळी टायरचे रबर सात अंशांच्या खाली आखडू लागते, आणि आखडलेले रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका घालून ते थंडीतही मऊ राहील असे करतात. दुसरा गुण नक्षीचा. तिच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि शेकडो कडांनी हिम धरतात. खोल खाचांत हिम दाबून भरते, आणि हिमाला हिम चिकटते. मुले हिमाचे गोळे करतात, तेच तत्त्व. ही कल्पना फिनलंडची. तेथे १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर निघाला, आणि १९३६ साली लहान गाड्यांसाठी हक्कापेलिट्टा नावाचा. फिनलंड-स्वीडनमध्ये टायरांना लोखंडी खिळेही मारतात. जर्मनीत सामान्यतः त्यांस बंदी आहे, कारण खिळे बर्फाबरोबर रस्ताही उकरतात.

आता प्रश्न पैशांचा. रुग्णालयातील एका सहकाऱ्याने पुतणीला सुचविले होते, की गाडी मागची चाके चालवतात, तर मागचे दोनच टायर नवे घ्यावेत. पुढचे जुने चालतील. सल्ला वरवर शहाणपणाचा होता, आणि एके काळी पुष्कळ ठिकाणी तशी रीतही होती. त्यात काटकसर होती, म्हणून तिला तो आवडलाही होता. "चारही घ्यायचे म्हणजे माझे घरी यायचे तिकीट गेले, काका," ती हळूच म्हणाली. फेब्रुवारीतल्या जत्रेला यायचे तिने वर्षभर मनात धरले होते. मागच्या वर्षी पालखी निघाली, तेव्हा ती रात्रपाळीला होती.

आम्ही तिला विरोधी पक्षाची बाजू मांडावी तशी दुसरी बाजू सांगितली. मागे दोन चांगले टायर घातल्याने गाडी निघेल उत्तम, चढही चढेल. पण निघता न आल्याने माणूस पाळीला उशिरा पोहोचतो, एवढेच. जिवावर बेतते ते थांबता आणि वळता न आल्याने. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, आणि थांबविण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात; वळविण्याचे काम तर सर्वस्वी त्यांचेच. पुढचे टायर कडक असले, तर स्टिअरिंग वळविले तरी गाडी नाकासमोर सरळ जाईल, आणि त्या वळणापलीकडे ओढा आहे. उलट पुढेच चांगले आणि मागे जुने घातले, तर ब्रेक दाबताच मागचे अंग पुढच्याला ओलांडू पाहील. म्हणून चारही चाकांची पकड सारखी हवी. हिमाळलेल्या रस्त्यावर कायद्याचे म्हणणेही तेच आहे; लहान गाडीच्या चारही चाकांना हिवाळी टायर हवेत. डिकीत वाळूचे पोते ठेवावे काय, असेही तिने विचारले. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून मागून चालणाऱ्या गाड्यांचे मालक तसे करीत आले आहेत, आणि चाक रुतले तर ती वाळू खाली टाकताही येते. पण पोते बांधलेले हवे, आणि वाढलेले ओझे थांबवावेही लागते, हे विसरता नये. घसरण आवरणारी विद्युत यंत्रणा युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरापासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. ती पकडीची थैली हिशेबाने खर्च करते. थैलीत भर घालू शकत नाही.

पैसे आम्ही देऊ केले. तिने घेतले नाहीत. "गाडी माझी आहे, काका," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने डोंगराचे चित्र असलेले चार टायर घेतले. गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेल्यांपैकी अरुंद मापाचे, कारण अरुंद टायर ओल्या हिमाचा थर अधिक सहज कापतो. त्या फेब्रुवारीत ती आली नाही. जत्रेच्या दिवशी वहिनींनी तिच्या वाटणीची ओटी भरली, आणि बंधूंनी कोणाजवळ काही बोलून दाखविले नाही.

वकिलीच्या सवयीने आम्ही तिथला कायदाही चाळला. २००६ साली जर्मनीत असा नियम झाला, की वाहनाची सामग्री हवामानास अनुरूप असावी. अनुरूप म्हणजे काय, ते सांगितले नव्हते. २०१० च्या जुलैत ओल्डेनबुर्ग येथील उच्च न्यायालयाने म्हटले, की दंड करावयाचा तर काय केल्याने दंड होईल हे नागरिकास आधी स्पष्ट कळले पाहिजे; असा मोघम नियम घटनेशी विसंगत आहे. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले, त्यातही मोघमपणा हे एक कारण होते.) त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीने नियम सुधारला, आणि साचलेले हिम, हिमाचा चिखल, निसरडा बर्फ आणि दहिवर ह्यांची नावे घेऊन सांगितले, की अशा रस्त्यावर हिवाळी टायरांवाचून गाडी चालवू नये. कॅनडातील क्वेबेक प्रांताने निराळी वाट धरली. तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च अशा तारखाच कायद्यात आहेत; रस्ता कोरडा असो वा ओला. एका कायद्याने परिस्थिती पाहिली, दुसऱ्याने पंचांग. जर्मन लोकही व्यवहारात पंचांगच पाहतात. ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवितात आणि ईस्टरला उतरवितात.

तथापि कायद्याची धाव कुठवर, हेही त्याच वाचनात दिसले. नियम मोडल्यास दंड ६० युरो आणि नावावर एक गुण. नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असे कायदा म्हणतो; हिवाळी टायर ४ मिलिमीटरांखाली गेला की हिमात निरुपयोगी, असे तिथले जाणकार म्हणतात. दोन युरोच्या नाण्याची बाहेरची रुपेरी कड साधारण तेवढीच रुंद असते. नाणे खाचेत उभे धरले आणि कड बुडाली नाही, तर टायर बदलावा. १.६ आणि ४ ह्यांच्या मधल्या जागेत पोलीस काही बोलणार नाही, न्यायाधीशही बोलणार नाही. त्या जागेत माणसाची काळजी तेवढी उरते.

परतण्यापूर्वी एका रविवारी, परवानगी घेऊन, आम्ही दोघे एका मोकळ्या आवारात गेलो. तेथे हिम साचले होते आणि आसपास काहीही नव्हते. ताशी २० किलोमीटर वेगाने तिने मुद्दाम गाडी घसरू दिली, आणि सावरण्याचा सराव केला. शेपूट उजवीकडे गेले, तर स्टिअरिंगही उजवीकडे. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद वर. ब्रेकवर एकदम दाब नाही. नजर जिकडे जायचे तिकडे, खड्ड्याकडे नव्हे. दहाव्या-बाराव्या वेळेस तिचे हात विचार न करता वळू लागले. मग तिने घराकडची वाट धरली. उताराच्या वरच गिअर खाली घेतला, वेग वळणाआधीच उतरविला, आणि वळण संथपणे घेतले. न्यायालयात आम्हांस पुढची तारीख मागता येते. त्या वळणावर ती मिळत नाही, आणि म्हणून तिथली सगळी तयारी आधीच करून ठेवावी लागते. बेळगावास आल्यावर बंधूंनी विचारले, तेव्हा आम्ही सांगितले, "गाडी पाहिली. आता ती ठीक आहे म्हणाली, तर खरे माना."