कापसाच्या पिकअपमधून कोकण किनारा

कापसाचा हंगाम सरला की मार्चमध्ये आमची पिकअप मोकळी होते. दिवाळीपासून ती परभणीकडच्या मानवतच्या जिनिंगपुढं रांगेत उभी असायची. आता हौदा झाडला, गॅरेजात लोखंडी कमानी बोल्टनं आवळून घेतल्या आणि वर ताडपत्री ओढली. बोल्टच, वेल्डिंग नाही. गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल केला तर आरटीओचं झंझट मागं लागतं. आत घरच्या कापसाची गादी, शेगडी, पाण्याचे कॅन आणि बोंडी. बोंडी ही पॉमेरियन आणि आमची गल्ली यांच्या संगनमतातून जन्मलेली, मांडीवर मावणारी कुत्री. गाडी चालू असताना ती पुढं, आम्हा दोघांच्या मध्ये बसते. खोली विचारताना कुत्रं आहे म्हटलं की फोनवरचा आवाजच बदलतो, म्हणून हा सगळा खटाटोप. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय म्हणे. आमची पिकअप त्यात बसते का, ते विचारायला मी गेलो नाही.

माजलगावच्या पुढं ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतताना दिसल्या. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात पेट्या, पाचुंद्याएवढी गाठोडी, शेळी, कोंबड्या, लेकरं आणि अगदी वर, ताडपत्रीवर, एक कुत्रं. बोंडी त्याच्याकडं बघून भुंकली. त्यानं मानही वळवली नाही. घर मागं बांधून महिनोन्‌महिने हिंडणं आमच्या भागाला नवं नाही. हौसेनं हिंडणं तेवढं नवं.

पाथरी-माजलगाववरून जाणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग सरळ धरला, तर तो माळशेज घाटातून कल्याणला नेतो. पण मला मुंबईची गर्दी नको होती. अहिल्यानगरहून पुण्याकडं वळलो आणि ताम्हिणी घाटानं माणगावला उतरलो. काळ्या मातीतल्या माणसाला तांबडा जांभा दिसला की परमुलखात आल्यासारखं होतंच. बायको म्हणाली, "अहो, आपल्याकडचा पाऊस कुठल्या समुद्राला जातो?" गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, तरी ती बाई पाठ फिरवून चौदाशेवर किलोमीटर पूर्वेकडं चालत जाते. म्हणजे हा समुद्र आमचा नव्हेच, आम्ही पाहुणेच.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटर किनारा, हे शाळेत घोकलेलं. प्रत्यक्षात तो सलग कुठंच मिळत नाही. दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. एक तर तास-दोन तासांचा वळसा घ्या, नाही तर फेरीबोट गाठा. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला सावित्रीची खाडी, पलीकडं वेसवी. अलीकडं रायगड जिल्हा, पलीकडं रत्नागिरी. बोटीवरच्या पोरानं हात केला, "काका, रिव्हर्स घ्या!" उतारावरून मागं मागं, ताडपत्रीमुळं आरशात काही दिसत नाही, बाजूला एसटीची वाट बघणारे लोक फुकट सल्ले देतायत. जिनिंगच्या फाटकात हेच रोज करतो, पण तिथं पाठीमागं पाणी नसतं. गाडीचा नंबर बघून पोरगा म्हणाला, "एमएच बावीस कुठलं?" परभणी म्हटल्यावर, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" ही म्हण समुद्रापर्यंत पोचलीय तर.

वेळासला नाना फडणवीसांचं मूळ गाव बघायला थांबलो. खरं आकर्षण मात्र कासवांचं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्हे आणि कुत्रीच पुढं. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन अंडी जाळीच्या कुंपणात हलवायला सुरुवात केली. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, ती सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. आम्हाला बघताच एक आजी स्पष्ट बोलल्या, "तुम्ही या, ती गाडीतच राहू दे." मला ते पटलं. बोंडी वाडीतल्या पिकअपमध्ये बांधली. बायको आणि मी आळीपाळीनं किनाऱ्यावर गेलो. तळहाताहून लहान ते पिल्लू ओल्या वाळूवर वल्ह्यांसारखे पाय मारत चाललं, लाटेनं दोनदा परत फेकलं, तिसऱ्यांदा दिसेनासं झालं.

किनाऱ्यावर गाडी घालायची नाही हे पक्कं होतं. रोज कुणाच्या तरी नारळी-पोफळीच्या वाडीत विचारून, पैसे देऊन उभं राहायचं. संडास आणि विहीर मिळाली की काम झालं. त्रास झाला तो दमट हवेचा. आमची गादी दोन रात्रींत अशी जड झाली की ती रोज दुपारी कुंपणावर टाकावी लागे. बोंडीचंही तंत्र बसवलं: दुपारी वाळूला हाताची पालथी बाजू लावून बघायची, चटका बसला तर ती सावलीत. खारं पाणी प्यायलं की तिला ओकाऱ्या होतात, म्हणून घरचं भांडं सतत पुढं.

हर्णै मात्र मी विसरणार नाही. संध्याकाळी सुवर्णदुर्गासमोर होड्या लागतात, पुळणीवर मासळीचा लिलाव चालतो आणि होडीपासून माल आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. आमच्याकडं पोळ्याला बैल नदीवर नेतात, तेही दोघांनी धरून. इथं बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे. लाट आली की मान किंचित वर, एवढंच. गाडीवानाला विचारलं, मीठ लागत नाही का अंगाला? "घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुवायचे रोज," तो म्हणाला. माझं लक्ष तिथं गुंतलेलं असताना बोंडीनं जाळ्यातून टाकून दिलेला एक फुगीर मासा हुंगायला घेतला. शेजारची कोळीण ओरडली, "केंड आहे तो, विषारी!" बायकोनं पट्टा खेचला. त्यानंतर हर्णैत बोंडी खांद्यावरच.

पुढं दाभोळ-धोपावे, वाशिष्ठी ओलांडून. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. गुहागरला गावठी कुत्र्यांच्या टोळीनं बोंडीला हद्द दाखवून दिली आणि तिनंही ती निमूट मानली. तवसाळला शास्त्रीच्या खाडीवर जयगडची बोट धरली. तोवर रिव्हर्स घ्यायला मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. कुत्रीचं तिकीट किती, असं विचारल्यावर खिडकीतला माणूस हसला, गाडीचेच पैसे घेतले.

परतीला आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल बांधायचं ठरलंय. ते झाले की वळसे आणि ताटकळणं दोन्ही सरतील. बायकोचं म्हणणं, त्याच्या आत रेड्डी गाठायचं. मी म्हटलं, आधी पत्र्याला लागलेला गंज खरवडू. नोव्हेंबरात याच हौद्यात कापूस भरायचाय.