फाटकावरची रात्र

रात्री अडीच वाजता घरातील वृद्धाच्या छातीत कळ आली, तर रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडणे, लिफ्ट तळमजल्यावर थांबवून ठेवणे, स्ट्रेचरला हात देणे ही कामे कोण करतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. वाचकहो, तो माणूस पुष्कळदा आपल्याच वयाचा असतो. कारखाना बंद पडल्यावर वा शेतीवर भागेना म्हणून उतारवयात रखवालदारी पत्करलेले कितीतरी जण आपल्या शहरांत आहेत. पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. बदली माणूस आला नाही तर तीच चोवीस तासांची होते. आपल्यापैकी काहींचे वडील किंवा यजमानही या नोकरीत असतील. त्यांनी तर हे अवश्य वाचावे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या एका सभेत रखवालदाराच्या खुर्चीवर तासभर खल झाला. खुर्ची दिली की माणूस झोपतो, असे एका सभासदांचे ठाम मत. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एका जागी तासन्‌तास उभे राहिले की हे काम मंदावते. घोटे सुजतात, शिरा फुगतात, त्वचा काळवंडते. मधुमेह असेल तर पायाची साधी जखमही चिघळते. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्या फाटकावर एक खुर्ची ठेवायला कायद्याची वाट कशाला पाहायची? डुलकी लागते ती सततच्या जागरणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2019 मध्येही रात्रपाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगकारक अशा गटात केली आहे, इतके ते शरीराच्या घड्याळाविरुद्ध जाते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न खुर्चीहून नाजूक, म्हणून तो सभेत निघतच नाही. जवळ सोय नसली की माणूस पाणीच कमी पितो आणि लघवी तुंबवून धरतो. प्रोस्टेटचा त्रास भोगलेल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मूतखडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना हे आमंत्रणच असते. तळमजल्यावरील स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर त्याची किल्ली रखवालदाराच्या चौकीत असावी.

परंतु मला अधिक भय वाटते ते शेगडीचे. मागील पौषात आमच्या शेजारच्या इमारतीत पहाटे दूधवाल्याने चौकीचे दार वाजवले, तर आतून उत्तर येईना. चौकी चार फूट रुंद. वारा येऊ नये म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला आणि आत कोळशाची शेगडी. दार ढकलून त्या गृहस्थांना बाहेर ओढले, तेव्हा ते अर्धवट शुद्धीत होते. रुग्णालयात प्राणवायू लावल्यावर ते वाचले. नोकरीवर मात्र परतले नाहीत.

कोंडलेल्या जागेत कोळसा अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणसाला वाटते की जागरणाने होत असेल, आणि तो पडून राहतो. अशी लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत यावे आणि बरे वाटले तरी रुग्णालय गाठावे. थंडीला उत्तर म्हणून जाड घोंगडी, लोकरीची टोपी, मोजे आणि थर्मासमध्ये गरम पाणी द्यावे. वर्गणी काढली तर घरटी फारसा भार पडत नाही. शेगडी चौकीच्या आत नको, दार किलकिले असले तरीही नको.

आता आपल्या सवयीविषयी थोडे कठोर बोलतो. ‘जरा टाकीत उतरून बघ’, ‘अडकलेल्या लिफ्टचे दार ओढ’, ‘पंप चालू कर’ असे आपण सहज सांगून जातो. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात. मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदीच आहे. दोन मजल्यांमध्ये थांबलेली लिफ्ट तंत्रज्ञानेच उघडावी. तोवर आतील माणसाशी बोलत राहणे, एवढेच रखवालदाराचे काम. पंपाच्या खटक्यापुढे रबरी पायपुसणे आणि गळती होताच वीज तोडणारे स्वयंचलित बटण हवे. ओल्या पायांनी खटका दाबायला कोणालाही लावू नये. चोर दिसला तर शिट्टी वाजवावी आणि 112 ला फोन करावा. एका काठीच्या बळावर त्याने कोणाला पकडावे, ही अपेक्षाच चुकीची.

ज्यांच्या घरात रखवालदार आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रात्रपाळीत रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे डॉक्टरांना आपली पाळी सांगून ठरवून घ्यावे, मनाने बदलू नये. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे. एजन्सीने आपली नोंद केली आहे का, विमा क्रमांक काय, हे विचारण्यात संकोच नसावा. 2005 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तर सुरक्षारक्षकांच्या कल्याणासाठी 1981 पासून स्वतंत्र कायदा आहे. एजन्सीशी करार करताना संस्थेच्या चिटणीसांनी ही कागदपत्रे मागावीत. आपण ज्येष्ठ सभासद म्हणून ती पाहायला मागू शकता.

आमच्या फाटकावर आता खुर्ची आहे, किल्लीही आहे. साप्ताहिक सुट्टीसाठी बदली माणूस ठेवायचा तर मासिक शुल्क वाढेल, म्हणून तो विषय पुढच्या सभेवर गेला आहे. त्या सभेची तारीख अजून लागायची आहे.