डेग

मागच्या वर्षी १७ सप्टेंबरला मुद्दाम रजा टाकून घनसावंगीला गेलो होतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्यातल्या टीममध्ये रजेचं कारण सांगितलं तर निम्म्या लोकांना वाटलं मी थाप मारतोय. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने आमचं गाव भारतात नव्हतंच, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. तेव्हा घनसावंगी अंबड तालुक्यात, अंबड औरंगाबाद जिल्ह्यात, आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पलीकडे सिंदखेडराजा, देऊळगावराजा भारतात. म्हणजे माझ्या आजीचं माहेर रझाकारांच्या भीतीने रातोरात बैलगाडी जुंपून पळालं, ते चक्क दुसऱ्या देशात पळालं. दहा वर्षांची होती ती. हे सगळं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की बैलांची नावंसुद्धा पाठ आहेत.

असो. झेंडावंदन करून आलो तर लाइट गेलेली. आजीने मला रिकामा बघून माळ्यावरची भांडी काढायला लावली. त्यात एक तांब्याची डेग निघाली. आमच्याकडे लग्नकार्यात पाणी तापवायला वापरायचे ती. एकट्याला उचलत नाही. चिंच-मीठ लावून घासायला बसलो तेव्हा काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं दिसली. उर्दू!

"आजी, हे काय आहे?"

"नाव असंल."

"कुणाचं?"

आजी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "मी लग्न होऊन आले तवा होतीच ती. पोलीस अ‍ॅक्शनच्या टायमाला आली म्हणत. लुटली नाही रे लेकरा, घर मोकळंच होतं त्यांचं. समद्यांनीच आणलं काही न काही."

समद्यांनीच. हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना.

फोटो काढून टीममधल्या हैदराबादच्या टेस्टरला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. एका बाईचं नाव आहे, पुढे तिच्या वडिलांचं. लग्नात दिलेली असणार. आमच्या आईच्या रुखवतातल्या पातेल्यांवर पण अस्संच आहे, 'हिजकडून' आणि 'हिला'. फक्त लिपी वेगळी.

पोलीस अ‍ॅक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, इथपर्यंत आम्हाला शाळेत होतं. पुढचं मी नोकरीला लागल्यावर वाचलं. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाअखेरीस संस्थानात हिंडून आली. कारवाईत आणि विशेष करून तिच्यानंतर मारल्या गेलेल्या लोकांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार, बहुतेक सगळे मुसलमान. सर्वात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचारही त्या अहवालात आहेत, आणि जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही. अहवाल काही दशकं दाबूनच ठेवला होता. आमच्याकडच्या भाषणांमध्ये गोष्ट १७ तारखेला संपते. १८ तारीख उजाडतच नाही.

बाबांशी रात्री बोललो. ते चिडले. "कशाला उकरतोस? तुझ्या आजीला विचार रझाकार काय होते." बरोबरच आहे त्यांचं. मलाही नेमकं तिथेच अडायला होतं. आम्ही तर सोसलेले लोक. आम्ही कुणाची माफी मागायची?

पुण्याला परत आल्यावर हे सगळं एका मित्रापाशी बोललो. तो ख्रिश्चन, मूळ घर जालन्याजवळच्या बेथेलचं, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या वस्तीतलं. मला वाटलं तो जालियनवाला बागेचं उदाहरण देईल. सप्टेंबर २०१९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी तिथे येऊन जमिनीवर पालथे पडले होते, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण त्याने पोलंडचं सांगितलं, आणि ते मला जास्त लागू पडलं.

महायुद्धात जर्मनीने पोलंडचे सुमारे साठ लाख नागरिक मारले. तरीही नोव्हेंबर १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं की आम्ही क्षमा करतो, आणि क्षमा मागतोही. मागतो कशाबद्दल? तर युद्धानंतर पोलंडकडे आलेल्या भागातून लाखो जर्मनांना घरदार सोडून हाकललं गेलं होतं. सह्या करणाऱ्यांत पुढे पोप झालेले वोयतिवा होते. तिथलं कम्युनिस्ट सरकार भडकलं. साधे लोकही भडकले: साठ लाख आमचे मेले आणि माफी आम्ही मागायची? अगदी बाबांचं वाक्य! जर्मन बिशपांचं पहिलं उत्तर पण तसं जपूनच होतं. पाच वर्षांनी, ७ डिसेंबर १९७० ला, जर्मन चान्सलर विली ब्रांट वॉर्सात गुडघे टेकून बसले.

मित्राने बायबलमधल्या जक्कयाचीही गोष्ट सांगितली. हा जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू घरी आल्यावर तो नुसता रडला नाही, ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. मित्राच्या मते पश्चात्तापाची खूण हीच, वस्तू परत गेली पाहिजे. (आमच्या भाषेत: 'नोन इश्यू' लिहून तिकीट बंद करता येत नाही.)

मग दिवाळीत अंबडला गेलो. आजीला "कुणी म्हणलं अंबडला गेले ते" एवढंच आठवत होतं. दोन दिवस, सात घरं आणि अकरा कप चहा लागले. शेवटी एका गॅरेजवाल्या काकांनी मोबाईलवर फोटो मोठा करून अक्षरांवरून बोट फिरवलं. पणजोबांचं नाव तेच, म्हणाले. बाईचं नाव त्यांना ओळखीचं नव्हतं. त्यांनी आत जाऊन त्यांच्या अम्मीला विचारलं. बराच वेळ आत होते.

मी काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. त्यातलं काहीच नीट आलं नाही. "आमच्याकडे राहिली होती, आमची चूक आहे," एवढंच म्हणालो.

काका म्हणाले, "अम्मी म्हणती, तिच्या फुफ्फीची आहे. पण ठेवायची कुठं, दोन खोल्या आमच्या. असू दे तुमच्याकडंच." मग थांबून म्हणाले, "मार्चमध्ये पोरीचं लग्न आहे. तेव्हा लागंल."

मार्चमध्ये टेम्पो सांगितला होता. चढवताना एक बाजू मी धरली. दुसरीकडून बाबा आले, काही न बोलता धरली, आणि काठ टेम्पोच्या पत्र्याला लागू नये म्हणून खाली पोतं सरकवलं.