डोंगर हिरवा दिसतो, पण ससा कुठे लपणार?

फेब्रुवारीत वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जाताना गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतात. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. ते गिरिपुष्प, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेचं. त्याचं आपल्याकडचं दुसरं नाव उंदीरमारी. ग्लिरिसिडिया या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच, कारण तिकडे याची साल आणि बिया उंदरांना विष म्हणून घालत. आता झाडाखालून गेला की उंदीर मेला, असं काही नाही. उगाच अफवा नको. त्रास वेगळाच आहे.

हे झाड लावायला सोपं. फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. जगलेल्या रोपांचा आकडा छान दिसतो. राज्याचं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2016 ला 2 कोटी होतं, 2019 ला 33 कोटी झालं. मोजली काय, तर रोपं.

पण ससा, साळिंदर, मुंगूस, चिचुंद्री, रानउंदीर यांचं घर आपल्या कमरेच्या खाली असतं. करवंदीची जाळी, कारवी, पालापाचोळा, पोकळ ओंडका. लागवडीआधी नेमकं तेच 'साफ' केलं जातं. उरलंसुरलं वणव्यात जातं. वणवा अडवायला जाळरेषा हव्यातच, त्याला माझा विरोध नाही. पण जाळरेषा म्हणजे एक पट्टा, अख्खी टेकडी नव्हे.

"उंदीर कमी झाले तर बरंच की!" असं गोदामवाले मित्र म्हणतात. अहो, गोदामातली घूस आपल्या धान्यावर आणि कचऱ्यावर जगते, तिला रानाशी काय देणंघेणं? रानातल्या उंदरांवर मात्र साप, घुबडं, रानमांजरं जगतात. शंभरहून जास्त वर्षं नामशेष समजलेला रानपिंगळा 1997 ला शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि 2014 ला आपल्या शेजारच्या तानसा अभयारण्यात. तोही पाली-सरड्यांबरोबर बारीक उंदीर खातो. त्याचं कौतुक करायचं आणि त्याचं ताट काढून घ्यायचं, हे कसं चालेल?

पावसाआधी खड्डे खोदायला सुरुवात होईल. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि विचारा, कोणती झाडं लावणार? जाळी ठेवणार की तोडणार? मी आमच्या ग्रामसभेत ऐन, कुसुंब, करवंद, आवळा अशी यादी देतोय. सोबत एक मागणी: काही पडके ओंडके जागेवरच राहू द्या. सरपणाच्या मोळीवर बंदी नकोय; चूल पेटलीच पाहिजे. पण पोकळ खोड तेवढं सोडा, त्यात कुणीतरी राहतं.