सेव्हर्नकाठचा श्रावण

वुस्टर, 21 जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचा फोन केला तेव्हा तुम्हाला नीट ऐकू येत नव्हतं, आणि मामीने मध्येच फोन घेऊन ‘थंडी आहे का’ एवढंच विचारलं. थंडी नाही. उलट पाऊस नाही, नदी उतरली आहे आणि इथली माणसं उकाड्याने हैराण आहेत. बाबा महिनाभर घरात बसून काय करणार, ही पोरीची काळजी शेजाऱ्यांनी मिटवली. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. जन्मभर ट्रक चालवला आणि पन्नास वर्षं याच नदीवर गळ टाकला. मी लहानपणी मामाबरोबर गरवायला जायचो, एवढं पोरीने त्यांना सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते दारात उभे.

नदी सेव्हर्न. ब्रिटनमधली सगळ्यांत लांब, 354 किलोमीटर. आमची गोदावरी 1,465 किलोमीटर, असं मी सांगितलं तेव्हा ट्रकवाले म्हणाले, मग तिला नदी कशाला म्हणता? सेव्हर्नचा उगम वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर, आणि त्याच डोंगरातून वाय नावाची दुसरी नदी निघते. म्हणजे महाबळेश्वरच की. फरक इतकाच, की तिथे काहीजणी घाटावर जातात आणि आपली सावित्री कोकणात उतरते. या दोघी मात्र निरनिराळ्या वाटांनी हिंडून समुद्राच्या तोंडाशी पुन्हा एकमेकींना भेटतात.

आम्ही ज्याच्या मागे आहोत तो मासा बार्बेल. नाव लॅटिनमधल्या दाढीवरून आलं, कारण तोंडाशी चार मिशा. खडीच्या तळाला पोट लावून, धारेत तोंड करून बसतो आणि मिशांनी चाचपत गोगलगायी, शिंपल्या, अळ्या टिपतो. चार दिवस झाले, अजून त्याची शेपटीही दिसलेली नाही.

इथे पाण्यात दोरी टाकण्याआधी सरकारचं लायसन्स काढावं लागतं. शिवाय काठ एखाद्या क्लबच्या ताब्यात असतो, त्याचं दिवसाचं तिकीट वेगळं. नदीच्या काठाला मालक असतो, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. पण दुसरा एक नियम ऐकून मी गप्प झालो. 15 मार्च ते 15 जून नद्या बंद. मासे अंडी घालतात म्हणून तीन महिने कोणी गळ टाकायचा नाही. 16 जूनला हंगाम उघडतो, त्या मध्यरात्री ही माणसं घड्याळ बघत काठावर बसलेली असतात. मामा, आपण नेमकं उलटं करतो. पहिल्या पावसात मासा पोटात अंडी घेऊन ओहोळात चढला, की आळीच्या आळी टोपल्या घेऊन वलगणीला. वलगणीच्या माशाची चव मी विसरलेलो नाही. पण ट्रकवाल्यांनी ‘तुमच्याकडे बंदी कधी असते?’ असं विचारलं तेव्हा मी समुद्रावरच्या पावसाळी बंदीचं सांगितलं आणि नदीचा विषय टाळला.


बूडली, 30 जुलै

ती. मामांस, सा. न.

मिळाला! काल दिवेलागणीला. पहिल्यापासून सांगतो.

बूडली हे वुस्टरच्या वरच्या अंगाचं गाव, नदीवर टेल्फर्ड नावाच्या इंजिनिअरने 1798 मध्ये बांधलेला दगडी पूल. त्याच्याही वर आर्लीच्या बाजूला आम्ही बसतो. पलीकडून हौशी लोकांनी जिवंत ठेवलेली कोळशाच्या इंजिनाची गाडी जाते, शिट्टीसकट. बारा फुटी काठी, दहा पौंडांची दोरी, दोरीच्या टोकाशी भोकं असलेला एक लहानसा डबा. त्यात चारा भरायचा. तो धारेत हळूहळू सांडत राहतो आणि मासा त्याच्या मागाने वर येतो. चारा कसला, तर उकडलेलं भांगेचं बी! तडकून पांढरा मोड दिसेपर्यंत शिजवतात. मी म्हटलं, आमच्याकडे ही देवाला वाहतात आणि शिमग्याला पितात, तुम्ही माशांना घालता. गळाला डब्यातलं डुकराचं मांस, चौकोनी तुकडा करून. गांडूळ लावलं की बारकी पोरंटोरं आधी येऊन खाऊन जातात, ते इथेही तसंच.

एक युक्ती मात्र मला नवी. काही आमिषं गळात खुपसत नाहीत. गळाच्या मागे केसाएवढा दोरा सोडतात आणि आमिष त्याला ओवतात, गळ उघडाच. मासा आमिष तोंडात ओढतो, काहीतरी खटकलं म्हणून फुंकून टाकायला जातो, आणि त्या फुंकण्यातच गळ ओठात बसतो. पोटात जात नाही. आणि गळाला मागचा उलटा काटाच नाही. असला गळ तुम्ही सावित्रीत फेकून दिला असतात, मला आधी!

बार्बेल लागतो तेव्हा विचार करायला उसंत नसते. गेले आठ दिवस काठीचं टोक नुसतं चुळबुळत होतं, ती चब नावाच्या माशाची कुरतड. काल एकदम काठी तीन फूट वाकली आणि टेकणावरून निघाली. मी झडप घालून धरली. आपला खडस मासा पहिल्या धावेत दोरीची परीक्षा घेतो, तसंच हे. वर येत नाही, उडी मारत नाही, तळाला चिकटून धारेच्या जोरावर ओढत राहतो. दहा मिनिटांनी जाळ्यात आला. सहा पौंड दोन औंस. अंग पितळेच्या हंड्यासारखं, पर तांबूस, डोळे बारीक. ओल्या गादीवर ठेवून गळ काढला, आणि ट्रकवाल्यांनी मला गुडघाभर पाण्यात उतरवून मासा माझ्या हातात दिला. धारेकडे तोंड करून धरायचा, आपणहून जाईपर्यंत. तो गेला.

आता तुमचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय: सोडायचा तर धरायचा कशाला? मीही विचारला. ट्रकवाले म्हणाले, याला कोण खाणार, सगळे काटे. ते खरंच. त्यातून याची गाबोळी विषारी! खाल्ली तर ओकाऱ्या आणि हगवण. आयझॅक वॉल्टनने 1653 च्या त्याच्या मासेमारीच्या पुस्तकात बार्बेलवर अख्खं प्रकरण लिहिलंय, त्यातही गाबोळीचा इशारा आहे. ज्याची गाबोळी खाता येत नाही तो मासा काय कामाचा, हे मामीचं मत मी त्यांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला.

श्रावण लागला आहे हे ध्यानात आहे. सोडून देतो, त्यामुळे तो मोडत नाही. मामीला तेवढं सांगा.

आणखी एक गंमत. हा मासा मुळात सेव्हर्नचा नाहीच. हिमयुगाच्या अखेरीस समुद्र खाली होता, थेम्स तेव्हा पलीकडच्या ऱ्हाइनला मिळत होती, त्या पाण्यातून बार्बेल इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांत आला. सेव्हर्न पश्चिमेच्या समुद्राला जाते, तिला तो मिळाला नाही. 1956 मध्ये ‘अँगलिंग टाइम्स’ या साप्ताहिकाने केनेट नदीतले पाचशेच्या आसपास बार्बेल आणून सेव्हर्नमध्ये सोडले, त्यांचा हा गोतावळा. म्हणजे ट्रकवाले नदीला मुरलेले, मासा नंतर आलेला.


हेरेफर्ड, 7 ऑगस्ट

ती. मामांस, सा. न.

चार दिवस वायवर आलो आहोत आणि गळ पिशवीतच आहे. ऊन वाढलं, पाणी तापलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यात बार्बेल जिवाच्या आकांताने झुंजला, की सोडल्यावर उलटा होऊन मरतो. म्हणून ट्रकवाल्यांनी काठावर येऊन थर्मामीटर बुडवला, आकडा पाहिला आणि खुर्ची पुन्हा गाडीत टाकली. एवढं पेट्रोल जाळून! मी चिडलो, हे कबूल करतो.

मग नदीकाठाने चालणं एवढंच राहिलं. नदी देखणी, पण पाणी हिरवं, वाटाण्याच्या सारासारखं. या खोऱ्यात कोंबड्यांचे शेड भरपूर. दोन कोटींहून अधिक कोंबड्या. त्यांची विष्ठा शेतात, शेतातला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत, आणि मग शेवाळ. पांढऱ्या फुलांची एक पाणवेल पूर्वी पात्रभर पसरायची, तिच्या आडोशाने मासे वाढायचे. ती बरीचशी गेली. 2023 मध्ये सरकारच्याच निसर्गसंस्थेने या नदीची प्रकृती खालावत चालल्याचा शेरा दिला. पण त्याआधीपासून इथली साधी माणसं, त्यांत गळवाले पुष्कळ, बाटल्यांत पाणी भरून फॉस्फेट मोजत होती. कारखाने आल्यावर आपल्या नदीचं खालच्या अंगाला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, पण आपण कोणी बाटली भरली नाही. मीही नाही.

काठावर पुरुषभर उंच गुलाबी फुलं. जवळ जाऊन पाहतो तर तेरडा! आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद, 1839 मध्ये बागेसाठी म्हणून आणला आणि मोकाट सुटला. बोंड हाताला लागलं की फटकन फुटतं, तसंच अगदी. इथे तो शत्रू; सुट्टीच्या दिवशी लोक जमून उपटतात. मी दोन तास उपटू लागलो. गौरी आठवून जरा चुकल्यासारखं वाटलं, पण उपटला.


वुस्टर, 19 ऑगस्ट

ती. मामांस, सा. न.

शेवटचं पत्र. बहुधा याच्याआधी मीच पोचेन.

गेल्या आठवड्यात एका रात्री ढग आले, वरच्या अंगाला पाऊस पडला, पाणी गार झालं आणि चहासारखा रंग चढला. ‘आता,’ एवढंच ट्रकवाले म्हणाले. आम्ही बूडलीच्या खालच्या एका डोहावर बसलो. डोह म्हणजे अगदी आपल्या कोंडासारखा, वर खळाळ, खाली काळं पाणी. तिथे वाळण कोंडाची गोष्ट त्यांना सांगितली. वरदायिनीचं देऊळ, काठावरून कुरमुरे टाकले की हातहात लांब मासे वर येतात, आणि त्यांना कोणी हात लावत नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, ‘एकदाही गळ टाकावासा वाटला नाही?’ मी म्हटलं, दर वेळी वाटला.

मग खडस कसा असतो ते विचारून घेतलं. तेव्हा मी माझी हुशारी काढली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज पुण्याला होता. मुळा-मुठेतल्या आपल्या माशाला त्याने 1839 मध्ये शास्त्रातलं नाव दिलं, ‘बार्बस खुद्री’. खुद्री हा कोळ्यांच्या तोंडचा शब्द, आणि बार्बस म्हणजे हाच बार्बेल. पुढे शास्त्रज्ञांनी खडसाचं घराणं वेगळं काढलं, पण तेव्हाच्या कागदावर दोघे सख्खे होते. तेरडा इकडे आला ते सालही तेच. ट्रकवाले म्हणाले, मासा आम्ही तुमच्याकडून घ्यायला हवा होता आणि झुडूप ठेवायला हवं होतं.

रात्री साडेनऊला काठी गेली. किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. हात थरथरत होते, गुडघा दगडावर आपटला. मधे एकदा तो बुंध्याखाली शिरला तेव्हा वाटलं गेला. जाळ्यात आला तर दहा पौंड चार औंस. इंग्लंडचा विक्रम एकवीस पौंडांच्या वर आहे, त्यापुढे हा काहीच नाही. पण साठ वर्षांत माझ्या हाताने गोड्या पाण्यातून एवढा मासा निघाला नव्हता.

सोडायला उतरलो आणि तो कुशीवर पडला. पुन्हा सरळ केला, पुन्हा पडला. ट्रकवाले काठावरून म्हणाले, ‘सोडू नका, त्याला वेळ द्या.’ दोन्ही हात पोटाखाली, तोंड धारेकडे, कल्ले उघडतात का ते बोटांना कळतंय तेवढंच. अंधार. कमरेपर्यंत गार पाणी. पाच मिनिटं, दहा, वीस. त्या वीस मिनिटांत तुमच्या प्रश्नाने मला फार छळलं. उपाशी माणसाने मासा मारावा, देवाच्या कोंडात तो शिवूही नये, दोन्ही मला समजतं. पोट भरलेलं असताना गळ लावायचा आणि मग त्याचा जीव वाचवत पाण्यात उभं राहायचं, हे काय आहे? मी मनात म्हटलं, हा मेला तर मी काठी इथेच ठेवणार. तेवढ्यात मुठीतून एक जोरदार झटका बसला, तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

परत येताना पलीकडच्या काठाला पाणमांजर दिसलं, आपला हुद, डोकं वर काढून आमच्याकडे बघत होता. इथले कितीतरी गळवाले त्याच्यावर खार खाऊन असतात, मोठे बार्बेल तो खातो म्हणून. तो निदान खातो तरी, असं मी बोललो. ट्रकवाले हसले, पण थोडेच.

पुढे दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. तुम्हाला खोटं काय सांगू.

जाता जाता एक तुमच्या कामाचं. वुस्टरच्या खाली डिग्लिस इथे बांधाच्या कडेने माशांना चढायला मोठी वाट बांधली आहे. 1840 च्या दशकात बोटींसाठी बांध घातले आणि समुद्रातून मे महिन्यात वर चढणारा शॅड मासा खालीच अडकला; आता त्याला वाट मिळाली. शॅड म्हणजे आपल्या पाला माशाच्या जातकुळीतला. काचेतून चढते मासे बघायची सोयही आहे. पाला आपल्या खाडीत पूर्वी कुठपर्यंत चढायचा, ते तुमच्याकडून मला एकदा नीट लिहून घ्यायचं आहे. तुमच्याखेरीज आता कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

हिशेब: काठावर एकोणीस दिवस, बार्बेल सात, चब मोजले नाहीत, एक वाम दोरी गुंडाळून गेली. सगळे पाण्यात. मी 22 ला सकाळी मुंबईत उतरतो आणि चतुर्थीच्या आधी महाडला येतो. तुमच्यासाठी आठ नंबरच्या गळांची दोन पाकिटं घेतली आहेत, काट्याची. बिनकाट्याचं एकच घेतलं, ते माझ्याकडे राहील.

मामीस सा. न.