परतण्याची दिशा

स्थलांतरितांच्या कादंबरीतील प्रवास हे आशयसूत्र वर्गात मांडताना मी झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (२००३) घेतो. तीत कलकत्त्याची वारी आईवडिलांसाठी परतणे असते, गोगोलसाठी मात्र जाणेच. धाराशिवच्या माझ्या विद्यार्थ्यांना ही फोड चटकन उमगते. त्यांतील काहींची घरे भूम-परंड्यातून दिवाळीच्या सुमारास, मुकादमाची उचल फेडण्यासाठी, ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुलाची त्यात गणतीच नाही. अमेरिकेतल्या मुलाला प्रश्न पडतो तो दोन घरांपैकी आपले कोणते, हा; फडावरच्या कोपीतल्या मुलाला शाळेच्या हजेरीपटावर आपले नाव उरेल का, हा. प्रवासाला केवळ अस्मितेचे रूपक मानणारी आपली समीक्षा या दुसऱ्या प्रश्नापाशी मुकी होते. तेथे आधी उचलीचा हिशेब वाचावा लागतो.