जुनी फोर व्हील घेताना

मंडळी, पावसाळ्यात उसाला खताची ट्रॉली ओढायला जुनी डिझेल फोर व्हील बघतोय. जिप्सी पेट्रोलवर, म्हणून बाद. काल कळंब्यात थार बघितली, २५२३ सीसी डीआय इंजिन, रंग चकाचक. इसार द्यायला खिशात हात घातलाच होता. म्हटलं, आधी रानात घालू. डांबरावर काय, सगळ्याच कडक पळतात!

पाणी पाजलेल्या रानात लो टाकला. मागची चाकं रुतली, पुढची हलेनात. वाकून बघतोय तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच नाही. मालक म्हणतो, "ॲव्हरेजसाठी काढलाय."

पोरगं रुसलंय. रविवारी एमएम ५४० बघायची आहे. तिथं आधी चेसिसला हुकाजवळ वेल्डिंग मारलंय का ते बघणार, मग बॉनेट उघडणार.